कढईतली येळवस

कंधारमधल्या कुठल्याही शाळेसमोर मधल्या सुट्टीत जाऊन उभं राहा. निम्मी पोरं तुम्हाला एक सोनेरी कांडी दातांत धरून तिचं दुसरं टोक हातानं ओढताना दिसतील. कांडी लांबते, लोंबते, तुटते, सदऱ्याला चिकटते आणि घरी गेल्यावर आईची बोलणी खायला लावते. तिचं नाव ताण्या. हे नाव पोरांनीच ठेवलंय. चव म्हणाल तर आधी गोड, मग आंबट, मागून जराशी खारट, आणि गिळून झाल्यावर जिभेवर आल्या-जिऱ्याचा वास. असली गोळी कुणी ठरवून केली असेल असं वाटत नाही, आणि ती ठरवून केलेली नाहीच.

आता गोळी गाजली म्हटल्यावर तिला बाप पुष्कळ झाले. दुकानदार व्यंकटराव सांगतात, पहिली विकली ती यात्रेतल्या माझ्या पालात. नांदेडला टाईल्सचं दुकान चालवणारा महांतेश सांगतो, कढई आमच्या घरची, जागा आमच्या घरची. आणि जिनं केली त्या नीलम्माला विचारलं, तर ती भट्टीतली लाकडं आत सारत म्हणते, "कशाचा शोध अन् काय! पाक बिघडला. म्या बिघडलेला फेकला न्हाई. येवढंच." हे 'येवढंच' ती अशा ठसक्यात म्हणते की ऐकणाऱ्यानं समजून घ्यावं, त्यात बरंच काही आहे.

नीलम्मा मूळची उदगीरची. वडिलांचं किराणा दुकान, घरात अर्धी कानडी आणि अर्धी मराठी. लग्न होऊन कंधारला विरूपाक्षच्या घरी आली तेव्हा तिला साखर माहीत होती ती पोत्यातली. इथं साखरेची भट्टी होती. यात्रा-जत्रांना बत्तासे आणि रेवड्या, पाडव्याला गाठी. सासऱ्यांचा कायदा कडक होता. पाकाला हात लावायचा तो पुरुषांनी. बायकांनी पुड्या बांधायच्या. सासरे दुपारी घोरायला लागले की विरूपाक्ष बायकोला हळूच भट्टीवर बोलवायचा. पाकाची तार कशी बघायची, रेवडीचा गोळा भिंतीतल्या खुंटीवर टाकून कसा ओढायचा, हे दाखवायचा. काही जोडपी घरच्यांना चोरून सिनेमाला जातात. हे दोघं चोरून पाक करायचे.

सासरे गेले. पुढं काही वर्षांनी विरूपाक्षही गेला. छातीत दुखतंय म्हणाला, आणि नांदेडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. बिलोलीला दिलेली लेक सुकन्या म्हणाली, आई, चल माझ्याकडं. धाकटा दीर महांतेश म्हणाला, भट्टी बंद करू, जागेत टाईल्सचं गोदाम करू, तुमची काळजी माझी. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. माणूस वाईट नाही. फक्त त्याला मोकळी जागा दिसली की तिथं फरशीची खोकी दिसायला लागतात. नीलम्मानं दोघांचं ऐकून घेतलं. दुखवट्याचे दिवस सरल्यावर कपाळाला विभूती लावली, पदर खोचला आणि भट्टी पेटवली.

"वैनी, हे बायांचं काम हाय का?" महांतेश म्हणाला.

"भाऊजी, मला हे येतंय. येतंय ते काम दुसऱ्याच्या दारात बसून कामून इसरू?"

जागा सासूच्या, नागुबाईच्या नावावर होती. नागुबाई काही बोलली नाही. एक लेक गेलेला, दुसरा लेक समोर उभा, आणि सून भट्टीपाशी. म्हातारीनं तोंड मिटून घेतलं, म्हणून महांतेशनंही फार ताणलं नाही. "बगू, किती दिवस निभतंय," एवढंच म्हणाला. हे 'बगू' डोक्यावर घेऊन नीलम्मा पाक करत राहिली. एक कढई बिघडली तरी बोल लागणार आणि भट्टी जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. विरूपाक्षनं चोरून शिकवलेलं काम असं उघड्यावर हातातून काढून घेतलं जाईल, या विचारानं ती पाकाची तार दोन-दोनदा बघायची.

आणि कढई बिघडली ती नेमकी येळवसेला.

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. थंडीतला हा सण आमच्याकडं दिवाळीलाही मागं टाकतो. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेली आंबील, सगळ्या भाज्या आणि शेंगा एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, हे सगळं घेऊन गावंच्या गावं शेतात जातात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभारतात, पांडवांची पूजा करतात आणि आंबील पिकावर शिंपीत, शेतवाला पुढून "ओलगे ओलगे" आणि बाकीचे मागून "सालम पलगे" असं ओरडत शेताला फेरी घालतात. अर्थ विचाराल तर कुणाला सांगता येणार नाही, पण त्याशिवाय कुणी घास घेत नाही. बाजारपेठेत त्या दिवशी चिटपाखरू नसतं.

बत्तासेवाल्यांची गोची अशी की याच दिवसांत माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. सण म्हणतो शेतात चल, यात्रा म्हणते माल आण. त्या वर्षी, यात्रेत तिचे बत्तासे विकणाऱ्या व्यंकटरावांचा टेम्पो दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होता आणि बत्तासे अजून कढईतच होते. नीलम्मानं ठरवून टाकलं की आपण शेतात जायचं नाही. पहाटे उठून आंबील आणि भज्जी तिनंच केली, कारण महांतेशच्या बायकोच्या मते नांदेडच्या फ्लॅटमध्ये आंबील नीट आंबत नाही. मग भट्टी पेटवली. साखर विरघळली, पाकात दूध सोडलं, मळी वर आली, ती झाऱ्यानं काढली. पाक नितळ झाला. तेवढ्यात दारात गाडीचा हॉर्न वाजला.

गाडीत महांतेश, बायको, मुलं, त्याचे सासू-सासरे, मेव्हणा. उंबऱ्यावर नागुबाई काठाचं लुगडं नेसून सकाळपासून तयार बसलेली. तिला अंधुक दिसायचं आणि गुडघे धरलेले होते, पण येळवसेला शेतात गेली नाही असं लग्नानंतर तिचं एकही वर्ष नव्हतं.

"अव्वा, गाडीत जागाच न्हाई," महांतेश म्हणाला. "आन बांधावर पाय मुरगळला तं कोन बगंल? पुढच्या साली नेतो."

"हाव. जा बापा," नागुबाई म्हणाली.

नीलम्माला फार वाईट वाटलं. चार शब्द सुनवावे असंही वाटलं. पण पाक भट्टीवर होता आणि आंबिलीची मडकी गाडीच्या डिकीत सांडणार नाहीत अशी बसवायची होती. मडक्यांखाली चुंबळी, मधे गोणपाट, वर दोरी. महांतेशचा मेव्हणा मदतीच्या नावाखाली सूचना करत होता, त्यामुळे वेळ आणखीच गेला. गाडी निघाली. ती आत आली तेव्हा नागुबाई तिच्या बाजेवर हात जोडून बसलेली, आणि कढईतला पाक काठापर्यंत फेसाळलेला.

जाळ जास्त झाला असेल, असं म्हणून तिनं लाकडं ओढली. पाक आटवला, कापड अंथरलं आणि पळीनं बत्तासे सोडायला घेतले. एरवी पाकाचा थेंब कापडावर पडला की फुगतो, पांढरा होतो आणि टुणकन सुटतो. हे थेंब पडले ते पसरत गेले. पिवळट, चिकट, एकमेकांच्या गळ्यात पडलेले. तिनं वाट पाहिली. वारा घातला. काही उपयोग नाही. अख्खी कढई गेली होती.

संध्याकाळी रिकामी मडकी परत द्यायला महांतेश आला. त्यानं कापडावर बोट टेकवलं, ते सुटता सुटेना. "म्या म्हणलं व्हतं, वैनी," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं. "दादाच्या हातनं कधी असं झालं का? आता पाडव्याच्या गाठी करा आन भट्टी इझवा. अव्वाशी मी बोलतो."

नीलम्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो गेल्यावर तिनं कापडावरचं सगळं उलथण्यानं खरवडलं, पुन्हा कढईत घातलं, गरम केलं आणि तो गोळा रेवडीच्या खुंटीवर फेकला. राग कुणावर तरी काढायचा होता, तो गोळ्यावर निघाला. ओढला, दुमडला, पुन्हा ओढला. रेवडीचा गोळा ओढता ओढता पांढरा पडून ताठरतो. हा सोनेरी झाला आणि मऊच राहिला. जितकं ओढावं तितका येत होता. शेवटी तिच्या खांद्यांनी हात टेकले. तिनं कात्रीनं त्याच्या कांड्या कापल्या, पिठीसाखरेत लोळवल्या आणि एक तोंडात टाकली. मग तशीच उभी राहिली. मग दुसरी टाकली.

सकाळी व्यंकटरावांनी परात पाहून नाक मुरडलं. "हे बत्तासे? माशी बसली तं परत उडायची न्हाई, नीलम्माबाई. माझ्या पालात मी हे मांडत नसतो."

"तुमी मांडू नका. मी मांडते. टेम्पोत जागा द्या."

माळेगावात घोड्यांच्या बाजाराकडं जाणाऱ्या वाटेवर, व्यंकटरावांनी कुरकुरत मोकळ्या करून दिलेल्या त्यांच्याच पालाच्या कोपऱ्यात, ती परात पुढ्यात घेऊन बसली. एका पोरानं कांडी दातात धरून ओढली. "आरं, ताणतंय!" झालं. मग कुणाची जास्त लांब जाते याची शर्यत लागली. एकाची कांडी पुढच्या बाईच्या अंबाड्याला चिकटली, तिनं मागं वळून शिव्या घातल्या आणि मग स्वतःच विचारलं, काय हाय ते? दुपारी जेवणवेळेच्या आत परात रिकामी झाली. व्यंकटराव जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "उद्या आणखी आणता का?"

नीलम्मानं परातीतली उरलेली पिठीसाखर झटकली. कसं झालं तेच तिला माहीत नव्हतं.

यात्रेतली बातमी नांदेडला पोचायला वेळ लागत नाही. पुढच्या सोमवारी महांतेश आला. "चुकून एकडाव झालं म्हणून धंदा व्हत न्हाई, वैनी. परत करून दाखवा."

"दाखवते."

"कधी?"

"पाडव्यापोतर. न्हाई जमलं तं माझ्या हातानं भट्टी इझवते. तुमाला सांगायला यावं लागणार न्हाई."

तोंडातून शब्द गेला आणि मग तिला त्याचं ओझं कळलं. पण शब्द मागं घेणं तिच्या स्वभावात नव्हतं.

त्यानंतरचे दिवस त्या घरानं कसे काढले ते त्या घरालाच माहीत. आधी तिला वाटलं, दूध नासकं असणार. दूधवाल्या सटवाजीला दारातच अडवलं. "येळवसेला दुधात काय घातलं व्हतंस?" सटवाजीनं कानांवर हात ठेवले. "खंडोबाची आन, नीलम्माबाई, पाणी सोडून काई बी घातलं न्हाई!" मग तिनं मुद्दाम दूध नासवून घातलं, पाकात भरड गोळे झाले. लिंबू पिळलं, कांडी ताणली गेली, पण चव नुसती आंबट. चिंच घातली, गोळा काळा पडला आणि दातांत बसला. ताक घातलं तेव्हा तिचा जीव वर-खाली झाला, कारण वास ओळखीचा आला. पण खुंटीवर टाकल्यावर तोही तुटला.

शाळा सुटल्यावर पोरं दारात यायची. "काकू, ताण्या?"

"उद्या."

पोरं जायची आणि उद्या पुन्हा यायची. पोरांना नाही म्हणणं तिला सगळ्यात जड जात होतं. फसलेल्या गोळ्यांचे तुकडे ती आणि नागुबाई चहात घालून संपवत होत्या. हाताला पाकाचे चटके बसून बोटांची सालं निघाली होती. सुकन्या फोनवर रडवेली होऊन म्हणाली, "कशाला आई एवढं?" नीलम्मा म्हणाली, "तुझ्या बापानं शिकवलंय, म्हणून." आणि फोन ठेवून पुन्हा साखर मोजायला बसली. ती इरेला पेटली होती. भट्टी जाण्याचं दुःख एक. पण एकदा हातातून झालेली गोष्ट दुसऱ्यांदा होत नाही, हे तिला सहनच होत नव्हतं.

मधे गाठींचा हंगाम आला. गाठी नेहमीसारख्या पांढऱ्याशुभ्र झाल्या, पण त्यांचं कौतुक करायला तिला सवड नव्हती. पाडवा आठवड्यावर आला. दरवर्षी पाडव्याआधी भट्टीच्या भिंतींना चुना मारायचा असतो, तो मारायला तिनं कोपऱ्यातली लाकडं हलवली. भिंतीवरून खाली पांढरट ओघळ वाळला होता. त्यावर मुंग्यांची रांग. चुना असेल म्हणून तिनं नखानं खरवडलं तर पिठाचा पापुद्रा निघाला. दुसऱ्या कोपऱ्यात तसाच ओघळ. मग तिसऱ्यात, चौथ्यात. तिनं पापुद्रा जिभेवर ठेवला. आंबट. खारट. जिरं.

नीलम्मा तिथंच लाकडांवर बसली. मग उठून, हात न धुताच, बाजेपाशी गेली.

"आत्या, येळवसेला तुमी भट्टीत आलत्या का?"

"हाव," नागुबाई म्हणाली. जणू यात विचारायचं काय आहे. "शेतात कोन्ही नेलं न्हाई मला. आपल्यापुरती आंबील तं घरात व्हती. शिंपल्याबिगर कसं जेवावं? शेत महांत्याकडं गेलं. मंग माझं शेत कोनतं? म्हणलं, ह्या भट्टीवरच माझी लेकरं जगली, हेच माझं शेत. भिताडाला धरून गेले, चार कोपरे शिंपले."

"आन कढईत?" नीलम्मानं विचारलं.

"कढईत न टाकून कसं? पीक तं तिथंच उभं व्हतं. तिथं तांब्याभर वतली."

नीलम्मा आधी हसली. मग हसता हसता रडायला लागली, आणि नागुबाई घाबरून तिचा हात चाचपडायला लागली. "काय झालं गं? माझ्या हातनं काई वंगाळ झालं का?"

"न्हाई, आत्या. लई चांगलं झालं."

रात्रभर आंबलेलं ज्वारीचं पीठ, ताक, मीठ, आलं, जिरं. ती एवढे दिवस दुधात, लिंबात, चिंचेत शोधत राहिली, आणि वस्तू होती तिनंच पहाटे उठून केलेल्या मडक्यात.

पण अडचण संपली नव्हती. नागुबाईला सगळं समजावल्यावर म्हातारीनं मान हलवली ती आडवी. "येळवसेची आंबील रोज करायची? आन बाजारात इकायची? देवाचं हाय ते, नीलम्मा. मी न्हाई करू देनार."

नीलम्मानं तिच्याशी वाद घातला नाही. बाजेसमोर जमिनीवर बसली. "आत्या, बत्तासे बी देवालाच जातेत. गाठी देवाच्या गळ्यात पडतेत. ते आपण इकतोच की. आपल्यात काम हीच पूजा म्हणतेत, लगीन होऊन आले तवा तुमीच सांगितलं व्हतं. मला भट्टीवर कोन्ही येऊ देत नव्हतं, आन तुमी म्हणल्या व्हत्या, पुड्या बांधनं बी पूजाच हाय. मंग पाक करनं न्हाई का?"

नागुबाई बराच वेळ लुगड्याचा काठ बोटांत फिरवत राहिली. तिकडं पोरं दारात येऊन, "काकू, ताण्या?" म्हणून विचारून गेली. ती हाकही तिनं ऐकली.

"मंग रीतीनं करायचं," ती शेवटी म्हणाली. "आधी चार कोपरे, मंग कढई. आन ज्याचं शेत त्यानंच शिंपायचं. तो पुढं चालनार, बाकीचे मागून साथ देनार. दुसऱ्या कोन्ही मडक्याला हात लावायचा न्हाई."

"मंग तुमी शिंपा, आत्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी नीलम्मानं सासूला धरून भट्टीत नेलं. म्हातारीनं चार कोपरे शिंपले, कढईत तांब्याभर आंबील ओतली. पाक काठापर्यंत फेसाळला, तसाच. या वेळी नीलम्मानं बत्तासे सोडण्याच्या फंदात न पडता गोळा सरळ खुंटीवर टाकला आणि ओढला. तो आला. हातभर आला, दुमडला, परत आला, सोनेरी झाला आणि तुटला नाही. तिचा जीव भांड्यात पडला. दुपारी दारात आलेल्या पोरांना तिनं 'उद्या' म्हटलं नाही.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी महांतेश आला तेव्हा भट्टीच्या दारात पोरांची ही गर्दी. त्यातून वाट काढत तो आत आला. एका हातात मोजमापाचा टेप होता. नीलम्मानं काही न बोलता त्याच्या दुसऱ्या हातावर ताण्या ठेवली. त्यानं खाल्ली, ओढली, मिशीला लागलेली पुसली. खोटं बोलणं त्याला जमत नाही.

"चांगली हाय, वैनी. तुमी म्हणल्या तसं करून दाखवलं, मानलं," तो म्हणाला. "पण पोरांचं काय, आज हे खातेत, उद्या दुसरं. एका गोळीवर भट्टी किती दिवस चालनार? आज जमलं, उद्या न्हाई जमलं तं? माझं खोक्यांचं सामान उघड्यावर पडून राहिलंय." तो बाजेकडं वळला. "जागा अव्वाची. अव्वा, तूच सांग आता. तू म्हणशील तसं."

नागुबाई रोजच्यासारखी आंबिलीचं मडकं मांडीवर घेऊन बसली होती. मान खाली घालून. लेकाकडं बघेना, सुनेकडं बघेना. भट्टीवर पाक उकळत होता, शिंपायची वेळ झाली होती, आणि म्हातारीचे ओठ नुसते हलत होते.

नीलम्माला कळून चुकलं की ही आज बोलणार नाही. उद्याही नाही. दोघांपैकी एकाला दुखवायचं तिच्या जिवावर येत होतं, आणि ती बोलत नाही तोवर महांतेशचं 'बगू' काही उतरणार नाही. दरवर्षी यात्रा येणार, दरवर्षी पाडवा, आणि दरवर्षी हा टेप. अशा अधांतरी भट्टीवर तिला आणखी एक दिवसही उभं राहायचं नव्हतं. जे व्हायचं ते आजच होऊ दे.

तिनं हात पदराला पुसले, बाजेपाशी गेली आणि सासूच्या मांडीवरचं मडकं उचललं.

नागुबाईचे हात क्षणभर मडक्याच्या काठाला धरून राहिले. मग सुटले.

नीलम्मा पहिल्या कोपऱ्यात गेली, ओंजळभर आंबील भिंतीवर उडवली आणि म्हणाली, "ओलगे ओलगे!"

मागून "सालम पलगे" आलं नाही. पाकाची बुडबुड तेवढी ऐकू येत होती. महांतेश आईकडं बघत होता. आता ती ओरडेल, मडकं खाली ठेव म्हणेल. नीलम्मालाही तेच वाटत होतं. म्हातारी 'ठेव' म्हणाली असती तर तिनं ते ठेवलं असतं, भट्टी विझवली असती आणि बिलोलीची एस. टी. धरली असती. पण ऐकल्याशिवाय ती हलणार नव्हती. तिनं पुन्हा ओंजळ भरली आणि दारातली पोरंसुद्धा गप्प होतील एवढ्या मोठ्यानं हाळी दिली.

"ओलगे ओलगे!"

"महांत्या!" नागुबाई बाजेवरून कडाडली. इतक्या वर्षांत त्या घरानं तिचा असा आवाज ऐकला नव्हता. "तोंड शिवलंय का तुझं? शेतवाली पुढं चाललीय. मागून कोन म्हननार?"

महांतेश हातातल्या उघड्या टेपकडं बघत राहिला. टेप सर्रकन आत गेला. तो त्यानं खिशात टाकला, दाराशी जाऊन चपला काढल्या आणि वहिनीच्या मागं येऊन उभा राहिला.

"सालम पलगे," तो पुटपुटला.

"मोठ्यानं," नागुबाई म्हणाली.

मग तो मोठ्यानं म्हणाला, त्याच्या मागून दारातली पोरंही म्हणाली, आणि नीलम्मा मडकं कमरेवर घेऊन दुसऱ्या कोपऱ्याकडं वळली.